रात्रीचा घाम कशाचा?

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव आणि प्रतापगडच्या परिसरात नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. महाराष्ट्रातली ही एकमेव तिबेटी वसाहत. ती वसली १९७२ साली. तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी तिबेटी लोकांच्या बोलण्यात या वसाहतीचे नाव अजून 'भंडारा' असेच येते. तिबेटमधून १९५९ नंतर बाहेर पडलेल्या आणि मिळेल ते काम करत दिवस काढलेल्या कुटुंबांना इथे शेती आणि घरे मिळाली. त्या पहिल्या काही वर्षांत इथे जन्मलेल्या मुली आज पन्नाशीच्या आसपास आहेत. म्हणजे वसाहतीत जन्मलेली पहिली पिढी आता पाळी जाण्याच्या वयातून जात आहे.

या वयातल्या एखाद्या बाईला रात्री दोन वाजता जाग येते. मान, छाती, पाठ घामाने भिजलेली असते. ती उठून खिडकी उघडते. पाच मिनिटांनी थंडी वाजते म्हणून पुन्हा पांघरूण घेते. तासाभराने तेच. हा घाम कशाचा, या प्रश्नाचे उत्तर गोंदियात सोपे नाही. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, त्यामुळे पहिले उत्तर असते, ऊन. जंगल आणि पाणथळ जागांचा हा मुलूख, त्यामुळे दुसरे उत्तर हिवताप. आणि बाई तिबेटी असेल तर तिसरे उत्तर क्षय, कारण भारतातल्या तिबेटी निर्वासितांमध्ये क्षयरोगाचे प्रमाण अनेक वर्षे फार मोठे राहिले आहे. धरमशालेच्या डेलेक रुग्णालयाने या समाजात, विशेषतः निवासी शाळांमधून आणि मठांमधून, क्षय शोधण्याच्या मोठ्या मोहिमा राबवल्या, त्या याच कारणाने.

चौथे उत्तर रजोनिवृत्तीचे. ते बहुतेक वेळा कोणी देत नाही, कारण तो प्रश्नच कोणी विचारत नाही.

शरीरात काय घडते

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी जाते. पाश्चात्त्य देशांत हे वय ५१ च्या आसपास आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. पण त्रास त्याच्या आधीच काही वर्षे सुरू होतो. पाळी लांबते किंवा लवकर येते, कधी जास्त जाते, झोप मोडते, चिडचिड होते, सांधे दुखतात, धडधडते. आणि अंगातून वाफा निघतात. चेहरा, मान, छाती एकदम तापते, घाम फुटतो, एक ते पाच मिनिटांत ओसरते आणि मागे हुडहुडी सोडून जाते.

या वाफांचे मूळ मेंदूत आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र असते. त्याच्या शेजारच्या काही पेशींवर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा लगाम असतो. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन घटते, लगाम सुटतो आणि या पेशी तापमानाच्या केंद्राला सारख्या डिवचत राहतात. एरवी शरीर तापमानातला थोडा चढउतार खपवून घेते. आता तेवढाही खपत नाही. अंगाचे तापमान किंचित वाढले तरी मेंदू 'फार तापले' असे समजून त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढवतो आणि घाम काढतो. याच पेशींच्या संदेशाला अडवणाऱ्या फेझोलिनेटंट या औषधाला २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा वाफांच्या त्रासाला शरीरात ठोस कारण असते, ही गोष्ट आणखी पक्की झाली. तो मनाचा खेळ नसतो.

हा त्रास थोडेच दिवस टिकतो असेही नाही. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या वंशांच्या स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या 'स्वान' या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली आले. वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्या स्त्रियांना हा त्रास सात वर्षांहून जास्त काळ झाला होता. सात वर्षे मोडलेली झोप ही लहान गोष्ट नाही.

लोकर विकणाऱ्या बाईचा दिवस

नोर्ग्येलिंगमध्ये शेती आहे, पण शेती पुरत नाही. भारतभरच्या तिबेटी वसाहतींप्रमाणे इथल्याही कुटुंबांचा मोठा आधार हिवाळ्यातल्या स्वेटरविक्रीचा. दिवाळीच्या सुमारास शहराशहरांत जे तिबेटी बाजार लागतात, त्यातल्या दुकानांवर बहुतेक बायकाच बसलेल्या दिसतात. सकाळी दुकान मांडायचे, रात्री आवरायचे, मुक्काम भाड्याच्या खोलीत. पाळी जाण्याच्या काळातल्या बाईला हे दोन-तीन महिने कठीण जातात. लोकरीच्या ढिगाऱ्यात बसून वाफा येतात. पाळी अनियमित असते, कधी अचानक खूप रक्तस्राव होतो आणि जवळ स्वच्छतागृह नसते. मग बाई पाणी कमी पिते. पाणी कमी प्यायले की लघवीची जळजळ सुरू होते. आधीच इस्ट्रोजेन घटल्याने मूत्रमार्गाची आतली त्वचा पातळ आणि कोरडी झालेली असते, त्यात ही भर.

वसाहतीतला बाकीचा काळही बदलला आहे. तरुण मुलेमुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी बंगळूर-दिल्लीला आणि तिथून परदेशी जातात. मागे राहतात म्हातारे आणि त्यांची देखभाल करणारी पन्नाशीतली बाई. शेत, घर, सासू-सासरे आणि हंगामी धंदा तिच्याच अंगावर असतो. निर्वासित म्हणून जगण्याचा ताणही असतोच. जन्म इथला असला तरी दर काही वर्षांनी नोंदणीचे कागद नवे करून घ्यायचे, जमीन भाडेपट्ट्याची, मुले दूर. आयुष्यातले मोठे आघात आणि सततचा ताण यांचा रात्रीच्या घामाशी आणि झोपमोडीशी संबंध असल्याचे परदेशातल्या अभ्यासांत दिसले आहे. मन आणि शरीर इथे वेगळे काढता येत नाही.

अमचीकडे सांगितलेली तक्रार

तिबेटी समाजाची स्वतःची वैद्यकपद्धती आहे, सोवा-रिग्पा. तिच्या वैद्याला अमची म्हणतात. तेराव्या दलाई लामांच्या काळात १९१६ साली ल्हासात स्थापन झालेली मेन-त्सी-खांग ही संस्था १९६१ साली धरमशालेत पुन्हा उभी राहिली, आणि २०१० साली भारत सरकारने सोवा-रिग्पाला मान्यताप्राप्त भारतीय चिकित्सापद्धतींत स्थान दिले. या शास्त्रात शरीराचा तोल तीन तत्त्वांवर मानतात. त्यातले 'लुंग' म्हणजे वारा. आपल्याकडच्या वाताच्या जवळ जाणारी ही कल्पना. लुंग बिघडला की झोप जाते, छातीत धडधडते, मन अस्वस्थ होते, राग पटकन येतो, असे तिबेटी घरांत सर्रास बोलले जाते.

रजोनिवृत्तीच्या तक्रारींची यादी याच्या शेजारी ठेवली, तर दोन्ही याद्या एकमेकींवर बऱ्याच बसतात. त्यामुळे बाई 'पाळी जाताना त्रास होतो' असे न म्हणता 'लुंग झाला' असे म्हणू शकते, आणि पाळीचा विषय निघतच नाही. यात नवल नाही. मार्गारेट लॉक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी जपानी स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा तिथे वाफांपेक्षा खांदे आखडण्याची तक्रार जास्त होती. भारतात झालेल्या पाहण्यांत अंगदुखी, सांधेदुखी आणि थकवा या तक्रारी वरच्या क्रमांकावर येतात. मराठी घरातली बाईसुद्धा 'कंबर गेली', 'अंगात कणकण आहे' असेच सांगते. त्रास कोणत्या शब्दांत सांगायचा हे प्रत्येक समाज आपापल्या परीने ठरवतो. डॉक्टरला ते शब्द माहीत हवेत.

अर्जावर एक खूण

ग्रामीण भागात तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची माहिती आशाताई एका छापील तक्त्यात भरतात. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग आणि क्षय यांचा धोका वेळीच कळावा, हा त्याचा हेतू. त्यात खोकला, वजन घटणे यांच्याबरोबर रात्री दरदरून घाम येतो का, हे विचारलेले असते. पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला का, हेही विचारलेले असते. दोन्ही प्रश्न अत्यंत गरजेचे आहेत. मात्र अंगातून वाफा येतात का, झोप मोडते का, शेवटची पाळी कधी आली, हे त्या ओघात येत नाही.

मग काय होते? पन्नाशीतली बाई रात्रीच्या घामाला 'हो' म्हणते. थुंकी तपासली जाते, एक्स-रे निघतो. हे योग्यच आहे. क्षयाची तपासणी आधी झालीच पाहिजे. तपासणीत काही निघाले नाही, की 'काही नाही, घरी जा' असे सांगितले जाते. क्षय नाही, हे बाईला कळते. घाम कशाचा, हे कळत नाही. ती पुन्हा दवाखान्यात जात नाही.

उलट चूकही तेवढीच घातक आहे. 'या वयात असे होतेच', असे म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायका समजूत घालतात आणि क्षयाचा घाम महिनोन्महिने रजोनिवृत्तीच्या खात्यावर जमा होतो. तोवर घरातल्या नातवंडांना संसर्ग झालेला असतो. तिबेटी समाजात औषधांना दाद न देणारा क्षयही आढळतो, म्हणून इथे उशीर परवडत नाही.

या विषयाकडे दुर्लक्ष का होते, त्याचे एक कारण मोजणीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांची मुलाखत १५ ते ४९ या वयोगटात घेतली जाते. म्हणजे रजोनिवृत्तीचा काळ ऐन भरात असताना बाई त्या मुलाखतीच्या यादीतून बाहेर पडते. जगभरच्या निर्वासित छावण्यांसाठी प्रजनन आरोग्याच्या किमान सेवांचा जो आराखडा नव्वदच्या दशकात तयार झाला, त्याचा भर लैंगिक अत्याचार, एचआयव्ही, बाळंतपण आणि नको असलेली गर्भधारणा यांवर आहे. जीव वाचवण्यासाठी तो क्रम बरोबरच होता. पण छावणीची वसाहत होते, वसाहतीला पन्नास वर्षे होतात, आणि बाळंतपणाचे वय ओलांडलेल्या बाईसाठी आराखड्यात जागा नसते.

घाम ओळखायचा कसा?

घरच्या घरी पक्के निदान होत नाही, पण दवाखान्यात काय सांगायचे ते ठरवता येते. त्यासाठी थर्मामीटर आणि एक वही पुरते. घाम येताना ताप मोजावा. वेळ, ताप आणि त्या महिन्यातली पाळीची तारीख लिहावी. दोन आठवड्यांची अशी नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

रजोनिवृत्तीच्या वाफा एकदम येतात, काही मिनिटांत जातात, दिवसाही येतात आणि थर्मामीटरवर ताप दिसत नाही. पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली असते.

क्षयात बहुधा संध्याकाळी बारीक ताप असतो, भूक मंदावते, वजन उतरते, खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकतो. पण क्षय फुप्फुसाबाहेरचाही असतो. गाठी, मणका, गर्भाशय यांच्या क्षयात खोकला नसतोच. गर्भाशयाच्या आतल्या आवरणाला क्षय झाला तर पाळी कमी होऊ शकते, थांबूही शकते. म्हणून चाळिशीच्या आत पाळी थांबली, तर 'लवकर गेली' म्हणून सोडून देऊ नये, तपासणी करावी.

हिवतापात आधी थंडी भरून हुडहुडी, मग जोराचा ताप आणि मग घाम असा क्रम असतो. थायरॉइड वाढले असेल तर उष्मा दिवसभर सोसवत नाही, हात थरथरतात, भूक चांगली असूनही वजन घटते. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्या बाईला रात्री घामाबरोबर भूक आणि थरथर होत असेल, तर साखर उतरली असण्याची शक्यता असते. तेव्हा लगेच साखर खावी आणि डॉक्टरांना सांगून औषधाचे प्रमाण तपासून घ्यावे.

दोन गोष्टींत थांबू नये. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी डागापुरते दिसले, तरी तपासणी हवी. 'पाळी परत आली' असे समजून आनंदाने किंवा लाजेने गप्प राहण्यात गर्भाशयाच्या कर्करोगाचे निदान लांबते. आणि घामाबरोबर छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर ते हृदयाचे लक्षण धरून लगेच रुग्णालय गाठावे.

उपाय आहेत

साध्या उपायांपासून सुरुवात करता येते. सुती, सैल कपडे, झोपण्याची हवेशीर जागा, रात्री उशिरा तिखट आणि गरम पेये टाळणे, रोज चालणे. तिबेटी घरातला लोणी-मिठाचा चहा दिवसातून अनेकदा होतो. पाळी गेल्यावर रक्तदाब वाढण्याकडे कल असतो आणि तिबेटी समाजात उच्च रक्तदाबाचे प्रमाण मुळातच बरेच आहे, म्हणून चहा सोडला नाही तरी त्यातले मीठ कमी करावे. हाडांसाठी दूध-दही, तीळ, नाचणी, हिरव्या भाज्या आणि सकाळचे ऊन हे सगळे गोंदियात मिळते.

त्रास दिवसाचे काम आणि रात्रीची झोप हिरावत असेल, तर औषध घेण्यात कमीपणा नाही. इस्ट्रोजेनचा उपचार वाफांवर सर्वांत प्रभावी आहे. त्याची भीती बसली ती २००२ साली. अमेरिकेतल्या १६,६०८ स्त्रियांवरचा मोठा प्रयोग तेव्हा मध्येच थांबवला गेला, कारण दोन संप्रेरके एकत्र घेणाऱ्या गटात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. ही वाढ वर्षाला दर दहा हजार स्त्रियांमागे सुमारे आठ जणींची होती आणि प्रयोगातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पुढच्या विश्लेषणांतून चित्र स्पष्ट झाले. वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील, आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी, पक्षाघात किंवा यकृताचा आजार नसेल, तर त्रासदायक वाफांसाठी बहुतेकींना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. गर्भाशय शाबूत असेल तर नुसते इस्ट्रोजेन देत नाहीत, सोबत प्रोजेस्टेरॉन लागते. हे ठरवायचे डॉक्टरांनी, दुकानातून स्वतःहून गोळी घेऊन नाही. संप्रेरके चालत नसतील त्यांच्यासाठी नैराश्यावरची काही औषधे कमी मात्रेत वाफा कमी करतात. योनीच्या कोरडेपणावर आणि लघवीच्या जळजळीवर लावायचे मलम मिळते.

क्षयाचे औषध चालू असलेल्या बाईने आणखी एक काळजी घ्यावी. रिफाम्पिसिन हे क्षयावरचे मुख्य औषध यकृतात इस्ट्रोजेन लवकर मोडून टाकते, त्यामुळे संप्रेरकांची गोळी लागू पडेनाशी होते. गर्भनिरोधक गोळीचेही तेच. अमचीची औषधे चालू असतील तर तेही लपवू नये. सोवा-रिग्पातल्या काही मौल्यवान गोळ्यांत शोधित धातू असतात आणि क्षयाच्या औषधांचा भार यकृतावर आधीच असतो. डॉक्टरने रागावू नये, बाईने लपवू नये, एवढे झाले तरी दोन्ही उपचार सुखरूप चालतात.

शेवटची पाळी कधी आली?

नोर्ग्येलिंगमधल्या बाईला दोन आरोग्यव्यवस्था आहेत. एक मध्यवर्ती तिबेटी प्रशासनाची, जी वसाहतींमधून दवाखाने चालवते. दुसरी राज्य सरकारची, म्हणजे आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि पुढे गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. केंद्र सरकारच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने सरकारी योजनांचा लाभ या निर्वासितांना द्यावा, असे राज्यांना सांगितले आहे. दोन्ही दारे उघडी असूनही बाई मध्येच राहण्याचा धोका असतो, कारण एकीकडे क्षयाची चौकशी होते, दुसरीकडे रक्तदाबाची, आणि पाळीची कुठेच नाही.

यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. चाळीस ते साठ वयाच्या बाईने घाम, झोपमोड, धडधड किंवा लुंग यांपैकी काहीही सांगितले, तर क्षयाच्या तपासणीबरोबर तिला एवढेच विचारायचे, 'अमा-ला, शेवटची पाळी कधी आली?' तिबेटीत आईसाठी हा आदराचा शब्द आहे. आशाताईंना मराठीत, परिचारिकेला हिंदीत आणि वसाहतीतल्या आरोग्यसेविकेला तिबेटीत हा प्रश्न विचारता येतो. क्षयाची तपासणी निर्दोष आली तर त्याच कागदावर पुढची तारीख लिहायची आणि बाईला परत बोलवायचे. गोठणगाव परिसरातल्या मराठी आणि गोंड बायकांनाही हा प्रश्न तितकाच लागू आहे. त्यांच्या रात्रीही अशाच मोडतात, आणि त्यांनाही कोणी विचारलेले नसते.